सावलीचा तंबू घेताय ना, मग दोर आणि खुंट्यांचंही बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

माझा नाशिकरोडला मंडप डेकोरेशनचा धंदा आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. लग्न, वास्तुशांत, गणपती, तेरावा, प्रचारसभा, जे येईल ते. पण हल्ली दुकानात एक नवीनच गिऱ्हाईक यायला लागलंय ज्याला मंडप नको असतो. गाडीच्या डिकीतून एक लांबट नाहीतर गोल चपटी पिशवी काढतात, त्यात ऑनलाइन मागवलेला सावलीचा तंबू असतो, कुणी त्याला बीच टेंट म्हणतं कुणी कॅनोपी कुणी गझिबो, आणि म्हणतात काका चार मोठ्या खुंट्या द्या ना, हे सारखं उडू राहिलंय. मग मी विचारतो यासोबत काही आलं नाही का, तर पिशवीच्या तळातून वीतभर लांबीच्या तारेच्या खुंट्या निघतात, हाताने वाकतील अशा, आणि सोबत बुटाच्या नाडीएवढा दोर, तोही बहुतेक वेळा गुंडाळी न सोडलेला. म्हणजे तंबू दोन-चार वेळा वापरून झालेला असतो पण दोर काही कुणी उघडलेला नसतो!

सुट्ट्या लागतील आता. शनिवार-रविवार आख्खं नाशिक गंगापूरच्या बॅकवॉटरला, कश्यपीला, वैतरणाला, भावलीला जाणार, ज्यांना समुद्र पाहिजे ते त्र्यंबक-मोखाडा-जव्हार करत डहाणू-बोर्डीला नाहीतर पेठवरून दमणला (दमणला लोक कशासाठी जातात ते सगळ्यांना माहितीये, त्यावर मी बोलत नाही). म्हणून म्हटलं जे दुकानात एकेकाला सांगत बसतो ते आपल्या पेपरातून एकदाच सांगावं.

पहिलं म्हणजे ही वस्तू चांगली आहे, घ्यावी. आमच्या गल्लीतले काही बुजुर्ग म्हणतात कशाला हे चोचले, आम्ही झाडाखाली बसायचो. अहो पण धरणाच्या काठावर झाड दाखवा ना मला! काठ म्हणजे नेमका कुठला, जिथे लोक मेमध्ये चटई टाकतात ती जागा पावसाळ्यात पाण्याखाली असते, पाणी जसं उतरत जातं तशी ती उघडी पडते, वर्षातले काही महिने बुडालेल्या जमिनीवर झाड उभं राहणार कसं. त्यामुळे एप्रिल-मेत पाण्याच्या जवळ जाल तितकी सावली कमी, नुसती भेगाळलेली माती आणि दगड. झाडं आहेत ती वर, लांब, आणि तिथे आधीच गाड्या लागलेल्या. बोर्डीला सुरूची झाडं आहेत किनाऱ्याला धरून, मस्त आहेत, पण रविवारी अकरा वाजता तिथे जागा मिळवून दाखवा. सोबत म्हातारी माणसं असली, सहा-आठ महिन्यांचं बाळ असलं, तर सावली घरूनच न्यायला पाहिजे. पेपरात येतं ना आज पारा ४०, तो आकडा हवामान खात्यावाले पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत मोजतात. उघड्यावर बसलेल्या माणसाला वरून सूर्य भाजतो तो हिशेब त्या ४० मध्ये नाहीच. कापडाचं छत हवेचा पारा काही खाली आणत नाही पण ते भाजणं थांबवतं, हेच त्याचं काम. आणि बायकांना समुद्रावर ओले कपडे बदलायला पडदा लावलेला तंबू म्हणजे किती मोठी सोय ते घरातल्या बायकांना विचारा. बऱ्याच किनाऱ्यांवर तेवढी साधी खोली पण नसते.

आता घ्यायचा कुठला. बाजारात ढोबळ तीन-चार प्रकार आहेत. एक फेकला की उघडतो तो अर्ध्या गोलाचा, पुढून उघडा, त्यात स्टीलची पट्टी असते. हा बाळाला झोपवायला चांगला, पण आत मोठ्या माणसाला ताठ बसता येत नाही आणि घडी घालताना आठाच्या आकड्यासारखा पीळ द्यावा लागतो तो नाही जमला तर पार्किंगमध्ये नवरा-बायकोचं भांडण ठरलेलं. दुसरा कात्रीच्या फ्रेमचा, १० बाय १० फुटाचा, चार पाय, आमच्या धंद्यात स्टॉलसाठी वापरतात तोच. जड असतो पण उभं राहता येतं, आठ-दहा माणसं बसतात. तिसरा ताणायच्या कापडाचा, दोन किंवा चार दांड्या आणि चार कोपऱ्यांना वाळू भरायच्या पिशव्या. समुद्रासाठी मला हा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आणि चौथी आपली साधी ताडपत्री, दोन बांबू, दोर. कुणी हसेल पण माझ्या घरचे कुठे गेले तर मी ताडपत्रीच देतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगतो, झोपायचा बंद तंबू दुपारी सावलीसाठी वापरू नका. रात्री कॅम्पिंगला तो ठीक. दुपारी चेन लावून आत बसलात तर हवा फिरत नाही, अर्ध्या तासात आतलं पोर लालबुंद होतं. सावलीचा तंबू किमान दोन बाजूंनी उघडा पाहिजे, आणि छत उंच पाहिजे, कारण कापड तापलं की ते स्वतःच खाली उष्णता फेकायला लागतं. मंडपात आम्ही पत्र्याच्या नाहीतर ताडपत्रीच्या खाली वेगळं पांढरं कापड लावतो ते लोकांना वाटतं शोभेला, शोभा आहेच, पण दोन्हीच्या मध्ये जी वीतभर हवा राहते तिने गरमी खूप कमी होते. तुम्हीही घरची जुनी चादर छताखाली चार क्लिपा लावून टांगा आणि फरक बघा.

कापडावर यूपीएफ ५० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत येतो. लेबल खरं का खोटं ते दुकानात कळत नाही, माझी पद्धत सोपी आहे, कापड सूर्यासमोर धरायचं, उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर विण पातळ, परत द्या. आतून चंदेरी किंवा काळा थर असलेलं चांगलं, पण घड्यांवर तो थर झिजतो, दोन-तीन उन्हाळ्यांनी घडीच्या रेघेवर बघत जा. आणि बरेच जण विचारतात आम्ही दिवसभर तंबूत बसलो तरी पोरं काळी कशी पडली. ऊन फक्त वरून येत नाही ना. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरणं परत फेकते आणि लाटांचा फेस २५ टक्के, शिवाय उघड्या आभाळातून आडवी येतात ती वेगळीच. त्यामुळे टोपी आणि अंगभर सुती कपडे तंबूतही ठेवायचे.

आता सूर्याची गंमत. लोक तंबू उभा करतात आणि मग दिवसभर त्याच्या मागे चटई सरकवत बसतात. आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा नाशिकला सूर्य माथ्यावर यायला अजून अर्ध्या तासाच्या वर असतो, कारण घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि नाशिक ७३.८ च्या आसपास, अंशाला ४ मिनिटं धरली की ३५ मिनिटं होतात. म्हणजे ‘बारा वाजले, आता ऊन उतरेल’ हे चूक, खरा तडाखा साडेबारा ते दोनचा. मेमध्ये २०-२१ तारखेच्या सुमाराला आपल्याकडे शून्य सावली असते, तेव्हा दुपारी छताची सावली बरोबर छताखाली पडते. पण त्याच दिवशी चार वाजता सूर्य पश्चिमेला इतका कललेला असतो की सात फूट उंचीच्या छताची सावली जवळजवळ आठ फूट पूर्वेला गेलेली असते, म्हणजे १० बाय १० च्या गझिबोत खाली फक्त दोन फुटाची पट्टी उरली! आणि डिसेंबर-जानेवारीत कॅम्पिंगला गेलात तर भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, तेव्हा सावली साडेसहा फूट उत्तरेला. म्हणून तंबू लावतानाच ठरवायचं की उन्हाळ्यात पूर्वेच्या बाजूला जागा मोकळी ठेवायची, आणि पश्चिमेला एक कनात सोडायची. साधी बेडशीट चालते. मंडपात आम्ही दुपारच्या पंगतीला पश्चिमेची कनात आधी बांधतो, बाकीच्या नंतर.

पण ऊन सोपं आहे हो. ऊन कुठून येणार ते माहीत असतं. माणसाला गाठतो तो वारा, आणि तंबूच्या बाबतीत सगळं शिक्षण वाऱ्याचंच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही होत, चौपट होतो. १० बाय १० फुटाचं कापड वाऱ्यासमोर आडवं उभं धरलं तर ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साधारण ४० किलोचा जोर येतो. तोच वारा ६० ला गेला की दीडशेच्या वर. आता सांगा, वीतभराच्या तारेच्या चार खुंट्या हे धरतील का? संक्रांतीला येवल्यात जे आभाळात दिसतं ते मग मेमध्ये गंगापूरला दिसतं, फरक इतकाच की याला लोखंडी पाय असतात आणि ते शेजारच्या चटईवरच्या माणसाच्या डोक्यावर येतात. हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी वावटळ उठते ती आधी सांगून येत नाही, आणि वळवाच्या पावसाआधी जो सुसाट वारा सुटतो त्याच्यापुढे माझे वासे-बल्ल्यांचे मंडप हलतात, तुमच्या फायबरच्या काड्यांचं काय घेऊन बसलात. काळे ढग आले, गार वारा सुटला, की छत उतरवायचं आणि गाडीत बसायचं. विजा चमकताना उघड्या माळावर लोखंडी पायांच्या छताखाली तर अजिबात थांबायचं नाही, तो काही आसरा नाही.

खुंटी कशी मारायची ते सांगतो, कारण दहातले नऊ जण उलटी मारतात. खुंटीचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं पाहिजे आणि टोक तंबूकडे, म्हणजे दोर ओढला की खुंटी जमिनीत आणखी रुतते. लोक सरळ मारतात नाहीतर डोकं तंबूकडे झुकवतात, मग दोराने ती हळूच वर सरकत येते आणि पहिल्या झोताला निघते. दांडी जितकी उंच तितक्याच अंतरावर खुंटी, सात फूट उंचीला सात फूट लांब, म्हणजे दोर बरोबर पंचेचाळीस अंशात बसतो. जागा नाही म्हणून दोर पायाशीच बांधणारे लोक फक्त पाय धरून ठेवतात, छत नाही. दोर वरच्या कोपऱ्यापासून खाली आला पाहिजे. मुरूम असेल तर घरून अर्धा इंची सळीच्या दीड फुटाच्या खुंट्या करून न्या, कुठलाही फॅब्रिकेशनवाला कापून टोक काढून देईल, आणि सोबत घण नाहीतर मोठा हातोडा. दगडाने ठोकत बसू नका, बोटं जातात. उन्हाळ्यातली काळी माती वरून दगडासारखी लागते पण तिला भेगा असतात, भेगेत मारलेली खुंटी हाताने निघते, भेगा सोडून मारा.

दोराचंही एक असतं. नायलॉनचा दोर ओला झाला की सैल पडतो, सुती दोर ओला झाला की आकसतो आणि खुंटी उपटतो किंवा कापडाचा कोपरा फाडतो. त्यामुळे रात्री मुक्काम असेल, दव पडणार असेल, तर झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा दोरावर हात फिरवायचा. गाठ ट्रकवाले माल आवळायला जी फासाची मारतात ती शिका, तिने ताण पाहिजे तेवढा घेता येतो आणि एका झटक्यात सुटते पण. आणि प्रत्येक दोराला मध्यावर रंगीत चिंधी बांधा, पोरं पळताना दोरात पाय अडकून तोंडावर पडतात, आमच्या मंडपांत ते रोजचं आहे.

जिथे खुंटी मारताच येत नाही, खडक आहे, फरशी आहे, तिथे वजन. पाण्याचे २० लिटरचे जार न्यायचेच असतात ना, एकेका पायाला एकेक बांधा, चार जारांचे ऐंशी किलो झाले. फक्त पिऊन रिकामे करायला लागलात की वारा जिकडे जातो त्या बाजूचा आधी संपवा. गाडीच्या कॅरिअरला छताची एक बाजू बांधतात हल्ली, छान आयडिया आहे, पण मग चावी एकाच माणसाच्या खिशात ठेवा. एका ग्रुपमध्ये कुणीतरी बर्फ आणायला म्हणून गाडी काढली आणि मागे छत, दांड्या, त्याला टांगलेली भेळेची पिशवी सगळं फरफटत निघालं, ती फ्रेम माझ्याकडे रिपेरला आली होती, रिपेर करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

आणि हो, गंगापूर धरण मातीचं आहे, १९६५ चं, नाशिकचं पिण्याचं बरंचसं पाणी त्यातूनच येतं. धरणाच्या भिंतीवर, तिच्या उतारावर खुंटी मारायला कुणी जाऊ नये, तिथे जायलाच मनाई असते ती उगाच नाही. काठावरसुद्धा निघताना खुंट्या मोजून काढा, मातीत राहिलेली सळी पुढच्या माणसाच्या पायात जाते, आणि पाणी चढलं की ती दिसतही नाही.

समुद्रावरचं गणित वेगळं. वाळूत खुंटी धरत नाही, कितीही लांब असो, तिथे पिशव्याच. पिशवीत कोरडी वाळू भरली तर एका लिटरला दीड-पावणेदोन किलो, ओली भरली तर दोन किलोच्या जवळपास, म्हणून जरा खणून खालची ओली वाळू भरा. पण खरी युक्ती अशी की भरलेली पिशवी वर ठेवायची नाही, गुडघाभर खड्डा करून पुरायची, दोर तिरका बाहेर काढायचा आणि वरून वाळू पायाने दाबायची. मग ती स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त धरते. पिशव्या नसतील तर गव्हाच्या रिकाम्या गोण्या चालतात, अगदी लाकडाचा ओंडका आडवा पुरला तरी चालतो.

जाहिरातीतले सगळे फोटो बघा, तंबूचं तोंड समुद्राकडे असतं. आपला समुद्र पश्चिमेला आहे साहेब! दुपारनंतर ऊनही समुद्राकडून आणि वाराही समुद्राकडून. समुद्राकडे तोंड करून अर्धगोल तंबू लावला की तीन वाजता ऊन थेट आतल्या बाळाच्या तोंडावर, आणि वारा आत शिरून तंबू फुगवणार. सकाळी समुद्राकडे तोंड ठेवा, सूर्य मागे असतो, खारा वाराही तेव्हा मंद असतो, जेवणं झाली की फिरवून पाठ समुद्राकडे करा. फक्त तेव्हा पाण्यातली पोरं आतून दिसत नाहीत, म्हणून एक मोठं माणूस पाण्याच्या काठावर उभं पाहिजे म्हणजे पाहिजेच, तंबूत बसून लक्ष ठेवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आपण नाशिकचे लोक नदीवाले, भरती-ओहोटी आपल्या अंगात नाही. डहाणू-बोर्डीचा किनारा सपाट आहे, ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की लोक खूष होऊन त्या ओल्या वाळूत जाऊन तंबू ठोकतात. कोळी लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे, तिथीला तिनाने गुणायचं चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार म्हणजे सहा, सकाळी सहाला आणि परत संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराला ओहोटी, पिकनिकला हा दिवस सोयीचा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराची भरती आणि तीही उधाणाची. म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी सकाळी आठला पोचून कोणी पाण्याजवळ तंबू लावला तर अकराला डबे तरंगायला लागतात. कॅलेंडर घरोघरी भिंतीवर असतं, जाताना तिथी बघायला काही पैसे पडत नाहीत. वाळूवर सुकलेल्या कचऱ्याची, करवंट्यांची, शेवाळाची जी रेघ दिसते तिच्या वरच तंबू लावायचा.

छताखाली स्वयंपाक करू नका. पॉलिस्टर पेटतं तसं वितळतंही, आणि वितळलेला थेंब अंगावर पडला की कातडी घेऊनच निघतो. आम्ही भटारखाना कायम मंडपापासून वेगळा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करतो. चूल, शेगडी, बार्बेक्यू जे काय असेल ते तसंच लांब, आणि थंडी आहे म्हणून रात्री बंद तंबूत पेटती शेगडी घेऊन झोपणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ, धूर दिसत नाही तरी विषारी वायू साठतो. घरी आल्यावर समुद्रावरचा तंबू गोड्या पाण्याने धुवा, स्टीलची पट्टी आणि फ्रेमचे नट मिठाने गंजतात, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका, बुरशीचे काळे डाग जात नाहीत.

आता जे मुख्य मागणं आहे ते. बॅकवॉटरच्या ज्या जागांवर लोक दर रविवारी बसतातच, तिथे बसण्याच्या पट्ट्यात काँक्रीटचे ठोकळे पुरून त्यांना लोखंडी कड्या बसवून द्या. पाटबंधारे, पर्यटन, वनखातं का ग्रामपंचायत, कुणाची हद्द ते त्यांनी आपसात ठरवावं. एक फूट लांब-रुंद-उंच ठोकळा साधारण ६८ किलोचा होतो, चार ठोकळे म्हणजे पावणेतीनशे किलो, वर सांगितलेल्या ६० च्या वाऱ्यालाही पुरून उरेल, आणि पाण्याखाली गेला तरी त्याला काही होत नाही. खुंट्या नकोत, जमीन उकरणं नको, सळया मागे राहणं नको. शेजारच्या गावातल्या बचत गटाने अशा दहा-वीस जागांवर डिपॉझिट घेऊन ताडपत्रीची छतं भाड्याने दिली तर गावात चार पैसे राहतील आणि प्रत्येक कुटुंबाला वर्षातून दोनदा वापरायला हजारोंचा तंबू घ्यावा लागणार नाही. हो, याने माझ्यासारख्यांच्या खुंट्यांची विक्री जाईल, जाऊ दे, त्यात काही सुटत नाही तसंही.

आपल्या पेपराकडूनही एक अपेक्षा आहे. सहलीच्या पानावर हॉटेलं, रस्ते, खायच्या जागा सगळं येतं, त्याच्या खाली शनिवारच्या अंकात डहाणू आणि दमणच्या भरतीच्या वेळा आणि रविवारच्या वाऱ्याचा अंदाज असे दोन ओळींत छापता येईल का बघा. हवामान खात्याकडे वाऱ्याचा आकडा असतो. तो ३० च्या वर दिसला तर गझिबो घरीच ठेवून नुसत्या छत्र्या-टोप्या घेऊन जावं, असं मी गिऱ्हाइकांना सांगतोच.

आणि कड्यांचं काम खरंच कुणी मनावर घेतलं तर १२ एमएमच्या खालची सळी वापरू नका, गॅल्वनाइज करून घ्या, आणि कडी ठोकळ्याच्या वर उभी न ठेवता खोलगट खाचेत आडवी पडेल अशी बसवा, नाहीतर पाण्यात उतरणाऱ्या गुरांच्या खुरात अडकेल.

आपला,
एक मंडपवाला, नाशिकरोड